एवढं मोठं मॅन्युअल खरंच वाचायचं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. हॅम म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स नुकतंच आलंय. वापरलेला आयकॉम आयसी-७३०० हा रेडिओ सेट घेतलात. खोका मिळाला, मॅन्युअल मिळालं नाही. पीडीएफ उतरवून घेतली तर शंभराहून जास्त पानं, सगळी इंग्रजीत. मित्र म्हणतात, यूट्यूबवर सगळं मिळतं. त्या भरवशावर ऐकण्याइतपत जमलं, पण दोन ठिकाणी गाडी अडली. एफटी८ (संगणकातून छोटे संदेश पाठवायची पद्धत) लावलं की ट्रान्समिटचा लाल दिवा लागतो, पण पॉवरचा मीटर शून्यावरच. आणि माइकवर जोरात बोललं की सेट मध्येच बंद पडून पुन्हा चालू होतो. बॅटरी बाल्कनीत आहे, तिथून पाचेक मीटर घरच्या वायरिंगचीच दीड एमएमची वायर ओढली आहे. आणि शेवटी विचारलंत: यातलं मॅन्युअलमध्ये काही असेल का, की 'मॅन्युअल वाचा' म्हणणं ही जुन्या लोकांची नुसती सवय?

जुन्या लोकांची सवय आहे, हे कबूल. मीही त्यांच्यातलीच. बरीच वर्षं आजूबाजूच्या हॅम मंडळींचे सेट बघून देते, म्हणजे फावल्या वेळात दुरुस्ती करते. 'बिघडला' म्हणून आलेल्या सेटांपैकी बऱ्याच सेटांचं झाकण मला उघडावंच लागत नाही. ७३०० चंच उदाहरण घ्या. 'रिसीव्हर मेला, काही ऐकू येत नाही' म्हणून सेट येतो. आवाजाच्या नॉबभोवती जी बाहेरची कडी आहे, ती आरएफ गेन (रिसीव्हरची संवेदनशीलता) आणि स्क्वेल्च (कमजोर सिग्नल आला की आवाज बंद ठेवणारी सोय) या दोन्हींची आहे. मधल्या खुणेच्या डावीकडे फिरवली की गेन कमी होतो, उजवीकडे फिरवली की स्क्वेल्च चढतो. आवाज वाढवायच्या नादात कोणीतरी ती पूर्ण उजवीकडे नेलेली असते, आणि मग सेट मुका. कडी मधोमध आणली की सेट बोलायला लागतो. मालकाला लाज वाटते, मला चहा मिळतो.

पण म्हणून 'बसा आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा' असं मी तुम्हाला सांगणार नाही. तसं कोणी वाचत नाही, आणि वाचलं तरी डोक्यात राहत नाही.

तुमची खरी अडचण मला वेगळी दिसते. तुमच्यासमोरचा सेट या घडीला कोणत्या अवस्थेत आहे, हेच तुम्हाला ठाऊक नाही. आधीच्या मालकाने कुठल्या मेनूत काय बदलून ठेवलंय, कोण जाणे. व्हिडिओ करणाऱ्याचा सेट तिसऱ्याच अवस्थेत. त्याने वर्षभरापूर्वी चार गोष्टी बदललेल्या असतात, त्या तो स्वतःही विसरलेला असतो, आणि कॅमेऱ्यासमोर तो फक्त पाचवी गोष्ट दाखवतो. त्याचं चालतं, तुमचं चालत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर असता. मॅन्युअल मात्र कारखान्यातून निघालेल्या सेटपासून सुरुवात करतं आणि प्रत्येक सेटिंगपुढे 'डीफॉल्ट' लिहितं. पाय टेकायला ही एकच पक्की जमीन आहे. मी मॅन्युअलवर अडून बसते ती एवढ्यासाठीच.

तुमच्या एफटी८ कडे याच नजरेने बघू. लाल दिवा लागतो, म्हणजे संगणकाचा 'ट्रान्समिट कर' हा आदेश सेटपर्यंत पोचतोय. केबल, ड्रायव्हर, बॉड रेट (दोघांमधल्या संवादाचा वेग) हे सगळं ठीक आहे. त्याच्या मागे लागू नका. पॉवर शून्य, म्हणजे आवाज पोचत नाही. एसएसबीत, म्हणजे बोलण्यासाठी नेहमी वापरतात त्या सिंगल साइडबँड प्रकारात, आवाज नाही तर पॉवर नाही. साध्या माइकवरही पीटीटी (बोलायचं बटण) दाबून गप्प बसलात तर मीटर शून्यच दाखवेल. तेव्हा शोधायचं एवढंच, की संगणकाचा आवाज वाटेत कुठे अडतोय.

सेट मेनूत 'कनेक्टर्स' नावाचा भाग आहे. तिथे 'डेटा मॉड' अशी ओळ सापडेल. डेटा मोडमध्ये असताना सेटने आवाज कुठून घ्यायचा, ते ही ओळ ठरवते. तिचं डीफॉल्ट आहे एसीसी, म्हणजे मागच्या बाजूचं गोल सॉकेट. तुमचा आवाज येतोय यूएसबी केबलमधून आणि सेट कान देऊन बसलाय त्या रिकाम्या सॉकेटकडे. ती ओळ यूएसबीवर आणा. मोड साधा यूएसबी नको, यूएसबी-डी हवा. इथे नवा माणूस हमखास गोंधळतो, कारण मोडमधला यूएसबी म्हणजे अपर साइडबँड आणि केबलचा यूएसबी निराळा. दोन्ही एकाच पडद्यावर नांदतात.

मोड चुकून साधाच राहिला, तर 'डेटा ऑफ मॉड' ही शेजारची ओळ लागू होते. तिचं डीफॉल्ट माइक आणि एसीसी. मग संगणक ट्रान्समिट चालू करतो आणि हवेत जातो तुमच्या खोलीतला आवाज: पंखा, कुकरची शिट्टी, सगळं. तुमचं नेमकं काय होतंय हे ओळखायला सोपी युक्ती आहे. अँटेनाच्या जागी डमी लोड (पॉवर हवेत न सोडता जिरवणारा रोध) लावा, पॉवर कमी करा, एफटी८ चा ट्रान्समिट चालू करा आणि माइकजवळ टाळी वाजवा. काटा उडाला तर मोड चुकलाय. ढिम्म राहिला तर बहुधा डेटा मॉड. दोन्ही ठीक असूनही शून्यच असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये आवाज बाहेर कुठे पाठवायचा त्या जागी सेटचं यूएसबी साउंड कार्ड निवडलंय का आणि पॉवरची सरकपट्टी तळाला तर नाही ना, ते पाहा. विंडोजच्या नोटिफिकेशनचे आवाज मात्र त्याच साउंड कार्डावर जाऊ देऊ नका, नाहीतर ईमेल आल्याची टिंग सगळ्या बँडला कळेल.

यातलं टाळीचं सोडून बाकी सगळं दोन कागदांत आहे: आयकॉमच्या मॅन्युअलमधला सेट मेनूचा तक्ता आणि डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी८ च्या सॉफ्टवेअरचं यूजर गाइड. दुसरा कागदही मॅन्युअलच आहे, हे लोक विसरतात. एफटी८ हा प्रकार २०१७ मध्ये जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी आणला, आणि त्यांचं गाइड माझ्या मते या छंदातल्या उत्तम लिखाणांपैकी एक. बँडवर नुसता गोंगाट असताना रिसीव्हची पट्टी साधारण ३० डेसिबलवर ठेवा, असं तिथे सरळ लिहिलेलं आहे. लोक ती पट्टी लाल होईपर्यंत चढवतात आणि मग 'डिकोड होत नाही' म्हणून अँटेना बदलतात.

एकदा काटा हलला की आनंदाच्या भरात शंभर वॅट सोडू नका. बोलताना आवाज चढतो-उतरतो, मधे श्वास घेतो, त्यामुळे फायनलला, म्हणजे पॉवर देणाऱ्या शेवटच्या ट्रान्झिस्टरांना, विश्रांती मिळते. एफटी८ मध्ये १५ सेकंदांच्या खिडकीत जवळजवळ १३ सेकंद सलग पूर्ण पॉवर जाते. पत्र्याच्या खोलीत, मे महिन्यात, हे सेटला नको असतं. तीसेक वॅट भरपूर झाले. एएलसी (आवाज जास्त झाला की पॉवर आवरणारी सोय) मीटर डेटावर जेमतेम हलेल न हलेल इतकाच आवाज द्या. बोलताना मात्र तोच मीटर थोडा हलायला हवा. मॅन्युअलमध्ये माइक गेन लावायच्या पानावर, एएलसीच्या पट्टीत काटा कुठपर्यंत झुलावा ते दिलंय. तो नियम बोलण्याचा आहे. तोच डेटाला लावून लोक बँडवर पसारा करतात.

आता सेट बंद पडण्याचं. याचं उत्तर अशा पानावर आहे जे कोणीच वाचत नाही: शेवटाकडचं स्पेसिफिकेशनचं पान. तिथे दोन आकडे आहेत. वीज १३.८ व्होल्ट, अधिक-उणे १५ टक्के. आणि पूर्ण पॉवरवर ट्रान्समिट करताना २१ अँपिअर.

हे दोन आकडे घेऊन वहीवर गणित मांडू. १३.८ मधून १५ टक्के वजा केले की राहतात सुमारे ११.७. त्याखाली व्होल्टेज गेलं तर सेट चालेलच अशी हमी कंपनी देत नाही. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण १२ मिलिओहम. तुमची वायर पाच मीटर, पण वीज जाते आणि परत येते, म्हणून दहा मीटर धरा: ०.१२ ओहम. गुणिले २१ अँपिअर, म्हणजे अडीच व्होल्ट वायरमध्येच गेले. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी १२.६ दाखवते, सेटच्या तोंडाशी उरले जेमतेम १०. तुम्ही जोरात बोलता तेव्हाच करंट वाढतो, व्होल्टेज कोसळतं, सेट बंद होतो. बोलणं थांबलं की व्होल्टेज वर येतं. सेट निर्दोष आहे. चांगला १३.८ चा पॉवर सप्लाय त्या बाल्कनीत ठेवून हीच वायर वापरली असती, तरी ११.३ च मिळाले असते.

चार एमएमची वायर घेतली तरी पाच मीटरवर व्होल्टभर जाईलच. तेव्हा बॅटरी जवळ आणा आणि सेटबरोबर आलेलीच जाड केबल वापरा. त्या केबलवरचे फ्यूज होल्डर कापून टाकू नका. मॅन्युअलच्या पहिल्या पानांवर ठळक अक्षरांत तसं लिहिलंय, आणि माझ्या टेबलावर उलटी वायर जोडून आलेले जे सेट वाचले, ते त्या फ्यूजमुळेच. बॅटरी आत आणताना मात्र ती कुठल्या प्रकारची आहे ते बघा. पाणी भरायची इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना गॅस सोडते; ती बंद खोलीत, पलंगाखाली नको. तुम्ही ती मुद्दाम बाल्कनीत ठेवली असेल तर ते शहाणपणाचंच होतं. मग सेट बाल्कनीच्या दाराशी न्या, किंवा चांगला पॉवर सप्लाय घ्या. यातलं काय जमेल ते तुमच्या घरावर अवलंबून आहे.

त्याच स्पेसिफिकेशनच्या पानावर आणखी एक ओळ आहे, जी वाचली असती तर कित्येकांचे पैसे वाचले असते. अँटेना सेटशी जुळवून देणारा आतला ट्यूनर साधारण १६.७ ते १५० ओहमपर्यंतच जुळवतो, म्हणजे एसडब्ल्यूआर (अँटेना किती बेजुळ आहे त्याचं माप) तीनाला एकपर्यंत. गच्चीवर मनाला येईल तेवढी वायर टाकून 'आत ट्यूनर आहे ना' म्हणणाऱ्याला हे पान उत्तर देतं. ट्यूनर क्लिकक्लिक करून थकतो, माणूस 'ट्यूनर गेला' म्हणतो. ट्यूनर कुठेही गेलेला नसतो.

हा हिशेब सगळ्यांना सारखा लागू नाही, हेही सांगायला हवं. दोन मीटर बँडचा साधा हँडी (हातात धरायचा सेट) घेतला असेल तर अर्धा तास पुरे. शेजारी कोणी जाणता हॅम रोज येऊन बसत असेल, तर त्याच्याकडून शिकणं मॅन्युअलपेक्षा वेगाने होतं, फक्त तो गेल्यावर काय बदललं हे लिहून ठेवा. नवा कोरा सेट असेल तर डीफॉल्ट आपोआपच ठीक असतात. तुमची गत कठीण एवढ्यासाठी, की एचएफ (लघुलहरी), वापरलेला सेट आणि संगणकाची जोड, तिन्ही एकदम आलं.

वापरलेल्या सेटचं पहिलं काम म्हणून मी पार्शल रीसेट सुचवेन. 'ऑल रीसेट' नाही. पार्शलमध्ये सेटिंग मूळपदावर येतात, मेमरी चॅनेल राहतात. पण रीसेटच्या आधी एसडी कार्ड त्याच सेटमध्ये फॉरमॅट करून आहे ती सेटिंग त्यावर सेव्ह करा. आधीच्या मालकाने एखादी गोष्ट विचार करून लावली असेल तर ती परत आणता येईल. आणि कनेक्टर्सच्या पानांचे फोनवर फोटो काढून ठेवा. रीसेट झाल्यावर मॅन्युअलमधल्या डीफॉल्टच्या रकान्याशी तुमचा सेट जुळेल, आणि मग व्हिडिओही बघायला हरकत नाही. व्हिडिओवाल्याने काय काय बदललंय ते तुम्हाला ओळखू येईल. रीसेटने एक गोष्ट बदलणार नाही. कोणी सेट उघडून ट्रान्समिटची हद्द वाढवली असेल, तर ती तशीच राहील. विकणाऱ्याला हे स्पष्ट विचारा.

हद्दीवरून आठवलं. मॅन्युअल जपानमध्ये, सगळ्या जगासाठी लिहिलं जातं. तुमचं लायसन्स त्याला माहीत नाही. आपल्याकडे ४० मीटर बँड ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ. अमेरिकेत विकायला बनवलेला सेट ७.३०० पर्यंत बिनदिक्कत ट्रान्समिट करतो, कारण तिथे चालतं. पॉवरचंही तेच. लायसन्सच्या ग्रेडनुसार मर्यादा बदलते, सेट मात्र शंभर वॅटला तयार बसलेला असतो. याबाबतीत मॅन्युअलवर विसंबू नका, लायसन्सवर काय लिहिलंय ते बघा. गंमत अशी, की लायसन्स पाळायचं हत्यारही मॅन्युअलमध्येच दडलेलं आहे. 'बँड एज बीप' नावाची सेटिंग आहे. तिच्यात स्वतःच्या हद्दी भरता येतात, आणि 'ऑन यूजर अँड टीएक्स लिमिट' हा पर्याय निवडला की त्या हद्दींबाहेर सेट ट्रान्समिटच करत नाही. ७.००० ते ७.२०० भरून टाका आणि निर्धास्त व्हा. हा पर्याय मी भल्याभल्यांना दाखवलाय. त्यांच्याकडे सेट कैक दिवस होता, तरी तो त्यांना ठाऊक नव्हता.

अर्थिंगचंही असंच. मॅन्युअल म्हणतं, जाड तार वापरा, शक्य तितकी आखूड ठेवा, गॅसच्या किंवा विजेच्या पाइपला कधीही जोडू नका. बरोबरच आहे. पण तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने काय करायचं, ते तिथे नाही. खाली जमिनीपर्यंत दहा मीटर तार सोडली तर ती ४० मीटर बँडवर बरोबर पाव तरंगलांबी होते. म्हणजे खालचं टोक जमिनीत आणि वरचं टोक, जिथे सेट आहे, रेडिओच्या दृष्टीने जवळजवळ अधांतरी. मग माइकला ओठ लागला की चटका बसतो. विजेच्या सुरक्षेसाठी अर्थ हवाच, त्याला पर्याय नाही. पण रेडिओची परतीची वाट अँटेनाखालच्या काउंटरपॉइजने (जमिनीऐवजी पसरलेल्या तारेने) आणि कोॲक्सवरच्या, म्हणजे अँटेनाच्या केबलवरच्या, फेराइट चोकने सोडवावी लागते. असं ज्ञान मॅन्युअलमध्ये शोधू नका. ते गच्चीवर आणि जाणत्यांच्या गप्पांत मिळतं. नॉइज ब्लँकर (खरखर कापणारी सोय, बटणावर एनबी) किती ठेवायचा, संध्याकाळी ४० मीटर बँडवर प्रीॲम्प (सिग्नल आधीच वाढवणारा भाग) बंद करून आरएफ गेन उतरवला की कान कसे सुखावतात, हेही तसंच. बटण काय करतं ते मॅन्युअल सांगेल, कधी करायचं ते सांगणार नाही. इथे व्हिडिओ खरंच उपयोगी पडतात, मी स्वतः बघते.

आता वाचायचं कसं. मी नवा सेट आला की असं करते. पहिल्या बैठकीत वीज न जोडता धोक्याच्या सूचना, जोडणीच्या आकृत्या आणि स्पेसिफिकेशन एवढंच वाचते. ही मोजकी पानं. दुसऱ्या बैठकीत सेट चालू, अँटेना लावलेली, ट्रान्समिट नाही. पुढच्या पॅनलचं पान समोर आणि बोट बटणावर. एकेक बटण दाबून पाहायचं आणि परत जागेवर आणायचं. या पानांवर एक तपशील निसटू देऊ नका: 'एक सेकंद दाबून धरा'. ७३०० मध्ये अर्धा खजिना या एका सेकंदामागे आहे. ट्यूनरचं बटण नुसतं टेकवलं तर ट्यूनर चालू-बंद होतो. सेकंदभर धरलं तर ट्यूनिंग सुरू होतं. एनबी टेकवलं तर ब्लँकर चालू; धरलं तर त्याची पातळी आणि रुंदी लावायचा पडदा उघडतो. व्हिडिओत बोट दिसतं, बोट किती वेळ टेकलं ते दिसत नाही.

मग डमी लोड लावून ट्रान्समिटचा भाग. आणि शेवटी, पेन्सिल घेऊन, सेट मेनूचा तक्ता. हा तक्ता कंटाळवाणा आहे, मान्य. प्रत्येक ओळ समजलीच पाहिजे असं नाही. जी समजली नाही तिच्यापुढे प्रश्नचिन्ह करायचं आणि पुढे जायचं. काहीतरी अडेल तेव्हा 'अशी काहीतरी ओळ होती' एवढं आठवलं तरी काम झालं. तुमचा डेटा मॉड असाच सापडला असता. जे जे बदलाल ते तारखेसह समासात लिहा. आमच्याकडे मी तक्त्याची पानं झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढून स्पायरल करून घेतलीत. बाकीचं पुस्तक फोनवर. त्यात शोधायचं तर पडद्यावर दिसणारा शब्द जसाच्या तसा टाका. 'पॉवर येत नाही' असं शोधून काही मिळत नाही, मेनूतलं नाव टाकलं की पान उघडतं.

इंग्रजीची भीती मात्र काढून टाका. हे वाङ्मय नव्हे. 'फिरवा', 'दाबा', 'टेकवा', 'एक सेकंद धरा' अशा चाळीस-पन्नास शब्दांत सगळं पुस्तक उरकलेलं असतं, आणि निम्म्या जागेत चित्रं आहेत. बटणांची आणि मेनूंची नावं भाषांतर न करता तशीच लक्षात ठेवा, कारण पडद्यावर तीच दिसणार. खोक्यात मॅन्युअल नव्हतं म्हणालात, पण असतं तरी भागलं नसतं. ७३०० सोबत छापील येतं ते 'बेसिक मॅन्युअल', आणि मेनूचा सविस्तर तपशील येतो 'फुल मॅन्युअल'मध्ये. आपण कोणतं उतरवलंय ते मुखपृष्ठावर बघून घ्या. फर्मवेअर नवं असेल तर मॅन्युअलची आवृत्तीही नवी घ्या. आणि फर्मवेअर चढवायचं ठरवलंत, तर 'मध्ये वीज बंद करू नका' या सूचनेचा आपल्याकडचा अर्थ असा, की वळवाच्या पावसाच्या संध्याकाळी हे काम करायचं नाही आणि सेट बॅटरीवर ठेवूनच करायचं.

सगळी मॅन्युअलं चांगली नसतात, हेही खरं. सत्तरच्या दशकातल्या यासूच्या एफटी-१०१ चं मॅन्युअल बघा: पूर्ण सर्किट, जुळवणीची पद्धत, आउटपुटच्या व्हॉल्व्हचं न्यूट्रलायझेशन (ते आपोआप शिट्टी मारू नयेत म्हणूनची जुळवणी), सगळं मालकाच्या हातात दिलेलं. त्या सेटवर पॉवर काढायची म्हणजे प्लेट आणि लोड हे दोन नॉब जुळवावे लागत, आणि तेही काही सेकंदांत, नाहीतर व्हॉल्व्ह लालबुंद. पान वाचल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. आपल्याकडच्या अशहर फरहान यांनी बिटएक्स या घरी बनवायच्या सेटचं वर्णन लिहिलं तेही त्याच परंपरेतलं: कोणता भाग काय करतो आणि का. आजच्या कंपन्या मालकाला बटणांपुरतं सांगतात, सर्किट सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ठेवतात. आणि दुसऱ्या टोकाला स्वस्त नॅनोव्हीएनए हे अँटेना मोजायचं छोटं यंत्र, ज्याच्या खोक्यात अनेकदा एक चिठोरंच निघतं. तिथे लोकांनी लिहिलेली गाइडं शोधावीच लागतात, कारण ओपन, शॉर्ट आणि लोड लावून कॅलिब्रेट केल्याशिवाय ते यंत्र जो आकडा दाखवतं तो केबलचा की अँटेनाचा, हे देवालाही सांगता येणार नाही.

तर आधी वायरचं बघा, कारण व्होल्टेज पडत असताना बाकी कुठल्याही तपासणीला अर्थ नाही. मग एसडीवर सेव्ह, पार्शल रीसेट, डमी लोड, यूएसबी-डी, डेटा मॉड. एवढं करूनही काटा शून्यावरच राहिला, तर मला चार गोष्टी लिहून पाठवा: पडद्यावर मोड नेमका कसा लिहिलेला दिसतो, कनेक्टर्सच्या पानाचा फोटो, डब्ल्यूएसजेटी-एक्समधल्या ऑडिओ टॅबचा फोटो, आणि ट्रान्समिट करताना सेटच्या डीसी सॉकेटपाशी मल्टिमीटरने मोजलेलं व्होल्टेज. बॅटरीपाशी मोजलेलं नको.